मोटारीची मालकी आणि मालकाचे उत्तरदायित्व

भारतातील रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच हा आकडा प्रसिद्ध केला आहे. तासाला एकोणीस मृत्यू, असा त्याचा हिशेब होतो. महाराष्ट्राचा त्यातील वाटा १५,२२४ मृत्यूंचा होता. एखाद्या साथीत एवढी माणसे दगावली असती, तर संसदेचे कामकाज बंद पडले असते. रस्त्यावरील मृत्यूंच्या बाबतीत तसे घडत नाही, कारण ‘अपघात’ या शब्दातच एक सोय दडलेली आहे. जे दैवाने घडले त्याचा जाब कोणाला विचारायचा, असे म्हणून समाज मोकळा होतो आणि शासनही.

मृतांची वर्गवारी पाहिली की दैवाचा हा पडदा दूर होतो. त्या वर्षीच्या मृतांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते, ३२,८२५ जण पायी चालत होते आणि ४,८३६ जण सायकलवर होते. म्हणजे दर तीन मृतांपैकी दोघांच्या अंगाभोवती पोलादी पत्र्याचे कवच नव्हते. मोटारीत बसलेला माणूसही अपघातात मरतो आणि त्याच्या जिवाचे मोल कमी नाही. परंतु रस्त्यावर धोका निर्माण करणारे आणि तो सोसणारे हे बहुतांशी दोन वेगळे वर्ग आहेत, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर मोटारीचा लाभ खाजगी आहे आणि तिच्या धोक्याचा मोठा भाग मात्र इतरांच्या माथी मारलेला आहे. हा बोजा ज्याने निर्माण केला त्याच्याच खात्यावर परत टाकणे, हे मोटारविषयक कायद्याचे खरे प्रयोजन होय. ते कितपत साधले जाते, हा आजचा प्रश्न आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ साली संमत झाला, १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. या दुरुस्तीची चर्चा झाली ती मुख्यत: वाढलेल्या दंडांविषयी. चौकात फाटणारी पावती हाच जणू संपूर्ण कायदा, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली. वस्तुत: हा कायदा दोन व्यक्तींशी बोलतो. एक, ज्याच्या हाती चाक आहे तो चालक. दुसरी, ज्याच्या नावावर गाडी आहे तो मालक. छोट्या कुटुंबाच्या गाडीत या दोन भूमिका एकाच माणसाकडे असतात, पण पगारी चालक ठेवण्याची ऐपत असलेल्या घरांत आणि कंपन्यांत त्या वेगळ्या होतात. त्या वेगळ्या झाल्या की जबाबदारी निसटू लागते.

प्रथम चालकाची कर्तव्ये पाहू. वैध परवान्याविना त्याने गाडी चालवू नये, हे उघड आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा ठरतो. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्याप्रमाणेच मागच्या आसनावरील माणसांनीही पट्टा बांधणे बंधनकारक आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्ट्याविना बसले होते. या नियमाची आठवण देशाला त्या दिवशी झाली. वेगाविषयी तर निसर्गाचाच नियम आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. समोरचे मूल पाहून पाय ब्रेकवर पडण्यास एक सेकंद लागला, तर तेवढे अंतर आधीच संपलेले असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. मंत्रालयाच्या त्याच अहवालानुसार २०२२ मधील दर दहा मृत्यूंपैकी सात मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात.

अपघात घडल्यानंतरचे कर्तव्य याहून मोठे आहे आणि तेच सर्वांत कमी पाळले जाते. कायद्याच्या कलम १३४ अन्वये जखमीला जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सर्व करणे चालकावर बंधनकारक आहे. जमावाच्या क्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणामुळे ते अशक्य झाले, तरच त्याला सूट मिळते. जागेवर पोलीस नसेल, तर जवळच्या ठाण्यात चोवीस तासांच्या आत खबर देणे त्याला भाग आहे. तरीही २०२२ साली ठोकर देऊन पळून जाण्याच्या प्रकारांत ३०,४८६ माणसे मेली. त्यांतील किती जण वेळीच उपचार मिळते तर वाचले असते, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हा प्रकार थांबवण्यासाठी सरकारने शिक्षा वाढवण्याचा मार्ग धरला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने हयगयीने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने माघार घेतली. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा दहा वर्षांचे ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. चालकांच्या संतापाला ‘बेजबाबदारपणा’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पळून जाण्याचे समर्थन कोणीही करू नये. पण गाडी किती तास चालवावी, किती वेळात पोहोचावी, टायर कधी बदलावे हे ठरवणारा मालक या वादात कोठेच नव्हता. सारी कैद चालकाच्या वाट्याला आणि सारा नफा मालकाच्या, ही वाटणी न्याय्य कशी म्हणता येईल?

कायद्याने मालकाला मोकळे सोडले आहे, असे मात्र नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. गुन्हा घडला तेव्हा गाडी कोण चालवीत होते, ही माहिती पोलिसांनी मागितल्यास मालकाला द्यावीच लागते. त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा उतरवल्याविना गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड आणि बारा महिने नोंदणी रद्द, अशी ही शिक्षा आहे. आपल्या नकळत घडले किंवा आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्यानेच वाहावयाचा आहे.

गाडी विकणाऱ्यांनीही एक गोष्ट ओळखावी. पैसे घेतले आणि किल्ली दिली म्हणजे मालकी संपली, असे कायदा मानत नाही. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तो मालक. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. गाडी तीन-चार हात फिरली तरी नोंदणी मूळ नावावर राहिली असेल, तर भरपाईची जबाबदारी त्या मूळ मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत दिला. जुन्या गाड्यांच्या बाजारात केवळ कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन होणारे व्यवहार पाहता, कित्येक सामान्य माणसे न केलेल्या अपघाताचे दायित्व खिशात घेऊन फिरत आहेत.

कागदावर कायदा असा भक्कम आहे. त्याची खरी कसोटी धनिकाच्या दारी लागते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या अतिमहागड्या परदेशी मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. कोट्यवधींच्या त्या गाडीची कायम नोंदणी १,७५८ रुपयांचे शुल्क भरले नाही म्हणून झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाच्या पहिल्या आदेशात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि तीवर देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. कुटुंबाच्या पगारी चालकाने गुन्हा स्वत:वर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोपही घरातील वडीलधाऱ्यांवर ठेवण्यात आला. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. पण असा आरोप ऐकून महाराष्ट्रात कोणालाही फारसे आश्चर्य वाटले नाही, ही गोष्ट अधिक चिंताजनक आहे. चालक हा मालकाच्या वतीने गाडी चालवतो तसा त्याच्या वतीने तुरुंगातही जाऊ शकतो, असे समाजाने जणू गृहीत धरलेले आहे.

या गृहीतकाला कायद्यात आधार नाही. नोकराने मालकाच्या कामावर असताना केलेल्या हयगयीच्या भरपाईस मालक बांधील आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीच्या मोटारीच्या खटल्यात ठामपणे मांडले. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये रस्त्याकडेला झोपलेल्या सात मजुरांना मोटारीने चिरडले, तेव्हा खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची कैद दिली होती. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम कायम केले. दारू पिऊन भरधाव गाडी चालवणाऱ्याला परिणामांची जाणीव असतेच, हा त्या निकालाचा आशय आहे. सात जीव आणि तीन वर्षे, हे प्रमाण समाधानकारक मानावे असे मात्र कोणी म्हणणार नाही.

‘विमा आहे ना!’ हे मालकवर्गाचे सर्वांत आवडते उत्तर. विमा अत्यावश्यक आहे यात शंका नाही. तो नसता तर मृताच्या घरच्यांना कंगाल मालकामागे वर्षानुवर्षे धावावे लागले असते. चालकाजवळ परवाना नसला तरी विमा कंपनीने पीडिताला आधी रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून ती वसूल करावी, असा मार्ग २००४ च्या निकालाने खुला केला. पण त्रयस्थ विम्याचा हप्ता ठरतो तो इंजिनाच्या आकारमानावरून. मालकाच्या चालकाने वर्षात दहा वेळा वेगमर्यादा तोडली तरी त्या हप्त्यात एका पैशाचा फरक पडत नाही. सावध मालक आणि बेफिकीर मालक एकच किंमत मोजतात. धोका वाढवणाऱ्याला त्याची झळ लागत नसेल, तर विम्याचे रूपांतर जबाबदारीतून सुटकेच्या परवान्यात होते. नियमभंगाची नोंद आज संगणकावर असतेच. ती त्रयस्थ विम्याच्या हप्त्याशी जोडण्यात तांत्रिक अडचण नाही. इच्छाशक्तीची उणीव आहे.

भरपाईच्या हिशेबातील विषमता याहून खोल आहे. मृताचे उत्पन्न, त्याचे वय आणि अवलंबितांची संख्या यांवरून सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निकालांनी सूत्र ठरवून दिले आहे. तीस वर्षांचा, महिना दहा हजार रुपये मिळवणारा आणि चार माणसे पोसणारा हातगाडीवाला घ्या. भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवावयाचे, स्वत:च्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करावयाचा, वर्षाचा आकडा काढून सतराने गुणावयाचे. उत्तर येते २१,४२,००० रुपये. त्याच वयाचा आणि तेवढीच माणसे पोसणारा, महिना एक लाख पगाराचा कायम नोकरदार घेतला, तर भावी वाढ पन्नास टक्के धरली जाते आणि प्राप्तिकर बाजूला ठेवल्यास रक्कम होते २,२९,५०,००० रुपये. उत्पन्नात दहा पट अंतर, भरपाईत जवळजवळ अकरा पट. कुटुंबाचे बुडालेले उत्पन्न भरून देणे, या हेतूने सूत्र चुकीचे नाही. पण बाजारातील विषमता ते जशीच्या तशी मरणातही नेते. गृहिणीच्या श्रमाला मोल आहे आणि भरपाईत ते धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगावे लागले, यावरून या हिशेबाची मूळ दृष्टी कळून येते. २०१९ च्या दुरुस्तीने कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देण्याची तरतूद केली. ही किमान रक्कम वेळोवेळी वाढवत नेणे आणि ती विनाविलंब मिळणे, यावर गरिबांचा भर असावयास हवा.

पगारी चालकाचा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक राबवू नये, असे १९६१ च्या कायद्याने सांगितले. त्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती मर्यादा होती वाहतूक उद्योगांतील कामगारांसाठी. बंगल्याच्या आवारात सकाळी सातला हजर होणारा आणि साहेबांची मेजवानी संपेपर्यंत रात्री गाडीत ताटकळणारा खाजगी चालक तिच्या कक्षेत कधीच आला नाही. झोपेने जड झालेल्या डोळ्यांचा चालक हा मद्यपी चालकाइतकाच घातक असतो. मद्याचे प्रमाण मोजणारे यंत्र पोलिसांच्या हाती आहे. चालक किती तास जागा आहे, हे मालकाला विचारणारे कोणी नाही. म्हणून चालकाच्या कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि विश्रांती यांना सुरक्षेचे कलम मानून मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले पाहिजे आणि त्यांच्या भंगाबद्दल मालकाला दंड झाला पाहिजे.

पादचारी स्वत:च रस्त्याच्या मधोमध चालतात, असा प्रतिवाद नेहमी केला जातो. तो करणाऱ्यांनी आपली गाडी रात्री कोठे उभी असते, ते आधी पाहावे. पदपथावर मोटारी चढलेल्या असतील, तर माणसाने चालावे कोठे? मोकळ्या पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले. सदोष रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला आणि अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड करणारे कलम १९८-अ २०१९ पासून कायद्यात आहे. पण त्याचा वापर झाल्याचे क्वचितच ऐकू येते. शासनाच्या या हयगयीने मालकाची जबाबदारी मात्र कमी होत नाही.

कार्यकर्त्यांनी यात काय करावे? बरेच काही करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी सत्तेची वाट पाहण्याचे कारण नाही. ठोकर देऊन पळालेल्या अज्ञात वाहनाने मृत्यू घडल्यास १ एप्रिल २०२२ पासून वारसांना दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज जेथे अपघात झाला तेथील प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. वर्षाला तीस हजारांवर माणसे अशी मरत असताना २०२२-२३ मध्ये सबंध देशातून फक्त २०५ अर्ज आले आणि त्यांतील ९५ निकालात निघाले, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ च्या आदेशात घेतली. पैसा आहे, कायदा आहे, पीडित आहेत. त्यांना जोडणारा माणूस नाही. तो माणूस प्रत्येक शाखेत उभा राहावा. प्रथम खबर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती मिळवून देणे, न्यायाधिकरणापुढील दाव्यासाठी कायद्याने घातलेली सहा महिन्यांची मुदत पाळली जाईल असे पाहणे, ही कामे मोर्चाइतकीच मोलाची आहेत. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तेव्हा मुदत उलटलेल्या कुटुंबानेही वकिलाचा सल्ला घेतल्याविना घरी बसू नये.

जखमीला उचलण्यास लोक बिचकतात ते पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊन. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्यावर साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हे वस्त्यावस्त्यांत सांगितले पाहिजे. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता देण्याची योजना केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली आहे. नियुक्त रुग्णालये ती राबवतात की नाही, यावर स्थानिक पातळीवर लक्ष ठेवावे लागेल.

आणि आरंभ आपल्या दारातून व्हावयास हवा. निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराला कोणाची तरी खाजगी जीप भाड्याने येते, तीत बारा माणसे कोंबली जातात आणि तिचा चालक तीन रात्री झोपलेला नसतो. त्या गाडीचा विमा भाड्याच्या वापरास लागू आहे का, हे कोणी विचारत नाही. श्रमिकांच्या नावाने चालणाऱ्या पक्षाने आपल्या कामावरील चालकाला आठ तासांनंतर विश्रांती दिली नाही, तर मोटारमालकांना जाब विचारण्याचा त्याचा अधिकार दुबळा होतो. पक्षाच्या वापरातील प्रत्येक गाडीची नोंदणी, विमा, चालकाचा परवाना आणि त्याचे कामाचे तास यांची वही जिल्हा कचेरीत ठेवण्याचा निर्णय प्रत्येक जिल्हा समितीने येत्या बैठकीत घ्यावा.